साकुरा बघायला जपान: रजा ५ एप्रिलपासून, फुलं हवामानाच्या मर्जीवर. कसं जुळवावं?

गारवेल

नमस्कार मंडळी. सासूबाईंना साकुरा, म्हणजे जपानमधला चेरीचा बहर, बघायचा आहे, ही त्यांची फार जुनी इच्छा. येत्या वर्षी नेऊच असं ठरवलंय. अडचण अशी की नवरा बँकेत, त्यामुळे मार्चएंड उरकल्याशिवाय रजेचं नावही काढता येत नाही. ५ एप्रिलला निघून १७ ला पुण्यात परत यायचंय. यात एक दिवसही इकडेतिकडे होणार नाही.

जिथं बघावं तिथं 'मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचे पहिले तीन-चार दिवस' असंच वाचायला मिळतंय. एका सहलवाल्याने तर सरळ सांगितलं, ५ तारखेनंतर फक्त पानं दिसतील, पुढच्या वर्षी या. सासूबाईंचं वय ७२. चालतात छान, पण जिने आणि चढ झेपत नाहीत. घरचे सगळे शाकाहारी, आम्ही दोघं अंडं खातो. विमानाची तिकिटं आत्ता काढली तर परवडताहेत. काढू का? आणि काढली तर टोकियो-क्योतो याच ठरलेल्या वाटेनं जावं की आणखी काही सुचवाल?

केशरभात

वाचतेय. आम्हालाही जायचंय, पण मुलाची शाळा राज्य मंडळाची. परीक्षा एप्रिलअखेरीस संपते, म्हणजे आमचा मे उजाडणार. मेमध्ये साकुरा ही कल्पनाच सोडून द्यावी का?

पाऊलवाट

गारवेल, तिकिटं काढा. बिनधास्त काढा. केशरभात, तुम्हीही सोडू नका, तुमच्यासाठी खाली लिहीन.

मी टोकियोत निशीकासाईला राहतो. (इथं भारतीय वस्ती मोठी आहे, पोहे आणि तूरडाळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.) दर मार्चमध्ये इथल्या आमच्या गटावर भारतातून एकच प्रश्न येतो: 'नक्की तारीख सांगा.' नक्की तारीख फुलं उमलायच्या दोन-चार दिवस आधीपर्यंत कोणीही देऊ शकत नाही. त्यामुळे आधी ही तारीख ठरते कशी ते सांगतो, म्हणजे कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं ते कळेल.

जपानच्या हवामान खात्याची ५८ ठिकाणी नेमून दिलेली झाडं आहेत. टोकियोचं झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. खात्याचे अधिकारी रोज जाऊन ते झाड बघतात, सोबत टीव्हीवाल्यांचे कॅमेरे असतात. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की 'काइका', म्हणजे बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. ८० टक्के कळ्या उघडल्या की 'मानकाई', पूर्ण बहर. या दोन्हींत साधारण आठवड्याचं अंतर पडतं. मानकाईनंतर आणखी आठवडाभर फुलं टिकतात, वारा आणि उकाडा नसेल तर थोडी जास्त.

१९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार टोकियोचा काइका २४ मार्च आणि मानकाई ३१ मार्च. सगळे लेख हेच आकडे उचलतात. आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. २०२० ला टोकियोत १४ मार्चलाच काइका, २०२१ आणि २०२३ ला पुन्हा १४ मार्च. २०२३ ला मानकाई २२ मार्चला झाली, म्हणजे एप्रिल लागेपर्यंत बहर ओसरला होता. आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२४ ला, काइका २९ मार्च आणि मानकाई ४ एप्रिल! त्या वर्षी फेब्रुवारी इतका उबदार होता की सगळे अंदाज सरासरीपेक्षा लवकरचे होते. मग मार्चमध्ये थंडी उलटून आली आणि कळ्या थबकल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांना सोमेई योशिनो या इथल्या मुख्य जातीच्या नुसत्या कळ्या दिसल्या. तुमच्यासारखे ५ एप्रिलला पोचलेले लोक मात्र ऐन बहरात उतरले.

म्हणून सहलवाल्याचं 'फक्त पानं दिसतील' हे मला मुळीच पटत नाही. टोकियोच्या एका जातीबद्दल, काही वर्षांपुरतं ते खरं ठरतं. अख्ख्या जपानबद्दल नाही.

रानजाई

पाऊलवाट, उत्तम लिहिलंत. थबकल्या कळ्यांमागचं कारण मी सांगते, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही.

टोकियो-क्योतोत दिसणारी बहुसंख्य झाडं 'सोमेई योशिनो' या एकाच जातीची. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, आजच्या टोकियोतल्या सोमेई गावच्या रोपवाटिकांनी ती लोकप्रिय केली. एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींचा हा संकर. बी लावून तसंच झाड येत नाही, त्यामुळे सगळीकडे कलमं. म्हणजे देशभरातली ही झाडं जनुकांनी एकच. म्हणूनच एका शहरातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदम रिकामी होतात. या फुलांचं वैभव त्यातच आहे, आणि प्रवाशाची पंचाईतसुद्धा.

कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि हिवाळ्यात झोपी जातात. त्यांना जागं व्हायला आधी पुरेशी थंडी खावी लागते. तेवढी थंडी मिळाली की पुढची वाढ उबेवर चालते. जपानी लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करत जायची, ४०० अंशांच्या आसपास पोचली की काइका. रोजच्या कमाल तापमानाची बेरीज केली तर ६०० अंश. कुठलंही हवामानाचं पान उघडून हे गणित घरबसल्या करता येतं.

गंमत पुढे आहे. हिवाळा फार उबदार गेला तर कळ्यांची झोपच नीट मोडत नाही. म्हणून अगदी दक्षिणेतल्या कागोशिमाची सरासरी तारीख टोकियोच्या नंतरची आहे! ओकिनावात तर बहर उलटा चालतो. तिथली गडद गुलाबी कानहिझाकुरा जानेवारीत फुलते, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगरमाथ्यावरून खाली सरकते, कारण गारवा आधी तिथं पोचतो. तेव्हा 'दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा' हे सूत्र बहुतेक खरं असलं तरी डोळे झाकून लावू नका.

पाणवठा

मग अंदाज बघून ऐनवेळी तिकीट काढणंच शहाणपणाचं नाही का? आपण कासला जाताना तरी पाऊस कसा झालाय, फुलं आली का, हे विचारूनच गाडी काढतो. आधी चार महिने पैसे अडकवायचे आणि मग देव पाण्यात घालून बसायचं, हे मला पटत नाही.

पाऊलवाट

पाणवठा, एकट्या माणसाला जमेल ते. गारवेलताईंना रजेची तारीखच बदलता येत नाही, म्हणजे थांबून हाती काय लागणार? शिवाय बहराच्या दिवसांत क्योतोतली हॉटेलं फार आधी भरतात आणि उरलेल्यांचे दर चढे असतात. थांबून वाचवलेले पैसे तिथं जातात. इथल्या शाळांची वसंताची सुट्टीही मार्चअखेरीसच, स्थानिक गर्दी वेगळी.

माझं म्हणणं असं: विमान आत्ता पक्कं करा, हॉटेलं मात्र फुकट रद्द होणारीच घ्या. आणि तारीख हलत नसेल तर जागा हलती ठेवा. बहर उत्तरेकडे सरकतो आणि डोंगर चढतो, तुम्ही त्याच्या मागे जा.

अंदाजांबद्दल थोडं. हवामान खात्याने स्वतः अंदाज देणं २०१० पासून बंद केलं, आता ते फक्त निरीक्षण जाहीर करतात. अंदाज खाजगी संस्था देतात: वेदरन्यूज, वेदरमॅप, जपान मीटिओरोलॉजिकल कॉर्पोरेशन वगैरे. शेवटची संस्था साधारण हजारेक ठिकाणांचे अंदाज देते. हिवाळ्यात येणारे पहिले अंदाज वाचा आणि सोडून द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ते उपयोगी पडतात, तिसऱ्या आठवड्यात भरवशाचे होतात.

नदीकाठ

क्योतोबद्दल मी लिहितो, तिथं शिकायला होतो.

क्योतोचा सरासरी काइका २६ मार्च, मानकाई ४ एप्रिल. म्हणजे सरासरी वर्षी गारवेलताई बहराच्या माथ्यावरच पोचताहेत. क्योतोच्या बहराच्या नोंदी जगातल्या सर्वात लांब नोंदींपैकी आहेत. इसवी सन ८१२ पासूनच्या जुन्या रोजनिश्या आणि इतिवृत्तांतून ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठाचे यासुयुकी आओनो यांनी त्या जमवल्या. त्यात २०२१ चा पूर्ण बहर २६ मार्चचा, तोवरच्या बाराशे वर्षांत सर्वात लवकर. त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा, २७ मार्च. इतक्या शतकांत जे घडलं नाही ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं, याची मला खरोखर काळजी वाटते. सहलींच्या धाग्यावर हे लिहितोय, पण 'दरवर्षी अमुक तारखेला' हा आधार निसटतोय तो यामुळेच.

आता कामाचं. वर्ष लवकरचं निघालं आणि 'तत्त्वज्ञांची वाट' या पायवाटेवर, मारुयामा बागेत फुलं संपली असली तर निन्नाजी देवळात जा. तिथली ओमुरो साकुरा इतरांपेक्षा दहाएक दिवस उशिरा फुलते. झाडं बुटकी, दोन-तीन मीटरची, त्यामुळे फुलं चेहऱ्यासमोर येतात, मान वर करावी लागत नाही. सासूबाईंना सपाटीवर फिरता येईल. हेइआन देवळाच्या बागेतल्या झुकत्या फांद्यांच्या चेरीही सोमेई योशिनोच्या मागून येतात. ओसाकात नाणी पाडण्याची सरकारी टांकसाळ आहे, तिच्या आवारातली बहुपाकळी झाडं एप्रिलमध्ये फक्त आठवडाभर लोकांना खुली करतात. तारखा दरवर्षी वेगळ्या जाहीर होतात आणि नावनोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, ते विसरू नका.

आणि योशिनो! नारा प्रांतातला हा डोंगर मला सगळ्यांत प्रिय. साधारण ३०,००० झाडं, बहुतेक यामाझाकुरा, म्हणजे रानचेरी. फुलांबरोबर तांबूस कोवळी पालवी फुटते, त्यामुळे डोंगराचा रंग एकसारखा गुलाबी नसतो, पांढरा-तांबडा-करडा असा मिसळलेला दिसतो. झाओ गोन्गेन या देवाची मूर्ती एन नो ग्योजा या तपस्व्याने चेरीच्या लाकडात कोरली अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक इथं शतकानुशतकं चेरीची रोपं वाहत आले. डोंगराचे चार टप्पे: खालचा, मधला, वरचा आणि आतला. बहर पायथ्याशी सुरू होतो आणि वर चढत जातो, दोनेक आठवडे तरी चालतो. ५ ते १५ एप्रिलमध्ये कुठला ना कुठला टप्पा सापडण्याची शक्यता फार चांगली.

सायली

नदीकाठ, योशिनो सुंदर आहे हे मान्य, पण ७२ वर्षांच्या बाईंना चढ झेपत नाही असं त्यांनी लिहिलंय. हंगामात मधल्या टप्प्यापर्यंत बस असते, तरी रांगा लांब आणि पुढचा रस्ता चढाचाच. मी माझ्या आईला नेलं होतं. मधल्या टप्प्यावर एका चहाच्या दुकानात बसून समोरची दरी बघितली, ती तेवढ्यावरच खूश झाली. तेवढंच करायचं असेल तर जा, वरच्या हानायागुराच्या सज्जापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका. शनिवार-रविवार तर अजिबात नको. क्योतोहून जायलाच दोनेक तास लागतात, सकाळी लवकर निघा.

पाऊस पडला तर काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. एप्रिलमध्ये तिथं पाऊस येतोच. पूर्ण बहराच्या आधी पाकळ्या घट्ट धरून असतात, साध्या पावसाला दाद देत नाहीत. मानकाई उलटल्यावर मात्र पाऊस आणि वारा एकत्र आले की एका रात्रीत झाड रिकामं होतं. म्हणून पावसाचा अंदाज वाचताना झाड कुठल्या अवस्थेत आहे तेही बघा. थंडी पडली तर वाईट वाटून घेऊ नका, गारठ्यात बहर लांबतो. २०२० ला २९ मार्चला टोकियोत फुललेल्या झाडांवर बर्फ पडला होता! स्वेटर, कानटोपी, मोजे सासूबाईंसाठी नक्की घ्या, संध्याकाळी हात गार पडतात.

गारवेल

बापरे, किती मनापासून लिहिताय सगळे. सासूबाईंना वाचून दाखवलं. 'चहाच्या दुकानात बसून बघेन की' म्हणाल्या.

म्हणजे असं ठरवते: ओसाकाला उतरायचं, क्योतोत चार रात्री, मग टोकियो, मग बहरामागे उत्तरेकडे सेंदाई की काय ते, आणि टोकियोहून परत. बरोबर?

पाऊलवाट

अगदी बरोबर. एका दिशेनं जा, उलटं येऊ नका.

टोकियोत १० एप्रिलच्या सुमाराला सोमेई योशिनो बहुधा संपलेली असेल, पण शिन्जुकु ग्योएन बागेत सत्तरच्या आसपास जाती आहेत. इचियो, कान्झान या बहुपाकळी चेरी त्याच सुमाराला भरात असतात. फुलं लहान गुलाबासारखी टपोरी आणि गच्च. खरं सांगायचं तर मला मार्चअखेरच्या गर्दीपेक्षा ही बाग एप्रिलच्या मध्यावर जास्त आवडते. सपाट आहे, बाकडी आहेत, आत मद्य न्यायला बंदी असल्याने वातावरण शांत.

तोहोकूबद्दल, म्हणजे टोकियोच्या उत्तरेकडच्या भागाबद्दल, नीट वाचा. सेंदाईची सरासरी मानकाई १३ एप्रिल, कागदावर तुमच्यासाठी चपखल. पण अलीकडच्या वर्षांत उत्तरेकडची फुलं सरासरीच्या बरीच आधी येताहेत. २०२३ ला अओमोरीतल्या हिरोसाकी किल्ल्यात उत्सव रीतसर सुरू व्हायच्या आधीच पूर्ण बहर येऊन गेला. साप्पोरोचा सरासरी काइका १ मे, त्या वर्षी १५ एप्रिललाच झाला. म्हणून मुक्काम फुलांजवळ घेऊ नका, शिन्कानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) मोठ्या स्थानकाजवळ घ्या. सेंदाई किंवा मोरिओका. या दोन शहरांत गाडीनं पाऊण तासाचं अंतर आहे.

बहर वेळेवर असेल तर सेंदाईहून लोकल गाडीनं अर्ध्या तासावर ओगावारा-फुनाओका. शिरोइशी नदीच्या काठानं आठ किलोमीटर चेरीची रांग, मागे झाओ पर्वताचा बर्फ. बांध सपाट आहे, सासूबाईंसाठी यासारखी जागा नाही. फुकुशिमातली मिहारूची ताकिझाकुरा पण याच सुमाराला फुलते: हजार वर्षांहून जुनं एकच झाड, फांद्या धबधब्यासारख्या खाली आलेल्या. बहर लवकर येऊन गेला असेल तर मोरिओका गाठा आणि तिथून काकुनोदातेला जा. जुन्या सामुराई घरांची सरळ गल्ली, काळ्या कुंपणांवरून लोंबणाऱ्या चेरी. मोरिओका शहरातच न्यायालयाच्या आवारात प्रचंड खडक दुभंगून वाढलेलं चेरीचं झाड आहे, तेही बघा. हायाबुसा आणि कोमाची या गाड्यांत सगळ्या जागा आरक्षित असतात. आरक्षण महिनाभर आधी उघडतं, पण तुम्ही बहर बघून दोन-तीन दिवस आधी काढलंत तरी आठवड्यातल्या मधल्या दिवशी सहसा मिळून जातं.

जेआर पासचं (परदेशी पाहुण्यांसाठीच्या रेल्वे पासचं) आधी गणित करा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा देशभराचा पास ५०,००० येन झाला. तुमच्या वाटेला सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात. मोठ्या बॅगा ताक्क्यूबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेनं पुढच्या हॉटेलात पाठवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. वयस्कर माणूस सोबत असताना यासारखी सोय नाही.

सायली

खाण्याचं राहिलंच. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशाच्या अर्काचं दाशी येतंच, सूपमध्ये, भाजीत, सोबा नूडल्सच्या रश्शात. 'मांस नाही, मासा नाही, दाशीही नाही' असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. क्योतोत देवळांचं शाकाहारी जेवण मिळतं, तरी आधी विचारून घ्या. झाडाखाली बसून खायला मेतकूट-भात आणि दशम्या नेल्या तर कोणी काही म्हणत नाही, कचरा मात्र हॉटेलात परत न्यावा लागतो, बागांत डबे क्वचितच दिसतात. आणि फांदी ओढून फोटो काढू नका, साल कोवळी असते, जखम झाली की रोग शिरतो.

रानजाई

सायलीला पूर्ण अनुमोदन. मुळांवर उभं राहणंही टाळा. जमीन दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. सोमेई योशिनो मुळांच्या बाबतीत नाजूक आहे, त्यात 'चेटकिणीचा झाडू' या बुरशीच्या रोगाला लवकर बळी पडते. आता बऱ्याच ठिकाणी जुन्या झाडांच्या जागी जिन्दाई-आकेबोनो ही जात लावताहेत.

केशरभात

आमच्या मेचं काय हो?

पाऊलवाट

विसरलो नव्हतो. तुम्ही थेट होक्काइदो. हाकोदातेच्या गोर्योकाकु या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यात सरासरी काइका २८ एप्रिल, पण वरचं वाचलंत तर कळेल की यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मात्सुमाए मात्र सुरक्षित: अडीचशे जाती, दहा हजार झाडं, लवकरच्या-मधल्या-उशिराच्या अशा एकापाठोपाठ फुलतात, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात काहीतरी सापडतंच. त्याहून उशीर झाला तर पूर्वेला कुशिरो, तिथं सरासरी मेच्या मध्याला एझोयामाझाकुरा फुलते. फक्त २९ एप्रिल ते ५ मे हा इथला सुट्ट्यांचा आठवडा टाळा, गाड्या आणि हॉटेलं दोन्ही मिळायची मारामार. राज्य मंडळाची सुट्टी ६ मेनंतरही असतेच, तेव्हाच निघा.

गारवेल

तिकिटं काढली! ओसाकाला उतरून टोकियोहून परत. क्योतोचं हॉटेल पक्कं. ११ ते १५ साठी सेंदाई आणि मोरिओका दोन्हीकडे रद्द होणारी खोली धरून ठेवलीय. पाणवठा, तुमच्या शंकेमुळेच हॉटेलच्या अटी बारकाईनं वाचल्या, आभार.

पाऊलवाट

दोन्हीकडे रद्द करायची शेवटची तारीख लिहून ठेवा, काही ठिकाणी ती आठवडाभर आधीची असते. सासूबाईंचा प्रवास विमाही घ्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हा धागा वर काढा, यासुकुनीच्या झाडाची बातमी आली की तोवरची तापमानं बघून दोनपैकी कुठली खोली सोडायची ते ठरवू.